मागनं उठणारी ओळ

१६ सप्टेंबर. हातातलं काम : पैंजणाच्या डायची फाइल एडिटरमध्ये उघडायची, मधोमध जाऊन एक आकडा बदलायचा आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत वाट बघायची.

मी आकडा दाबला. खाली क्लास सुटला. मुलामुलींनी दुचाक्या काढल्या, एकमेकांना हाका मारल्या, हॉर्न वाजवून झाले, एक रिक्षावाला त्यांच्यावर ओरडून गेला. मग माझा आकडा उमटला. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. ती सांगायची तर आधी आमचा धंदा सांगायला हवा. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोक विचारतात, पुण्याला की बंगळूरला? मी म्हणते, राजारामपुरीत, क्लासशेजारचा जिना चढून वर या. आम्ही दोघं भागीदार. मी प्रोग्राम लिहिते, मकरंद तो विकतो आणि गिऱ्हाइकांचे फोन घेतो. भांडणं दोघं मिळून करतो.

कोल्हापूरच्या आसपास लोखंड ओतणाऱ्या आणि कापणाऱ्या शेडची काही कमी नाही. त्यांतल्या कापणाऱ्या यंत्रांना हल्ली संगणकाकडून आज्ञा जातात. आज्ञा म्हणजे एक लांबलचक फाइल. एकेका ओळीत ‘इतकं उजवीकडे, इतकं खाली’ एवढंच, तेही अक्षरं आणि आकड्यांत. ही फाइल उघडायला, वाचायला, दुरुस्त करायला जे साधन लागतं ते म्हणजे एडिटर. आम्ही तो बनवतो. आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे ओळी रंगवणं.

रंग शोभेसाठी नसतात. यंत्राचं टूल, म्हणजे कापणारं हत्यार, दोन तऱ्हांनी हलतं. धातू कापताना ते सावकाश, दमानं जातं. एका जागेचं काम संपलं की वर उचललं जातं आणि हवेतून पुढच्या जागी पळतं. या पळण्याला कारखान्यात रॅपिड म्हणतात. रॅपिडमध्ये यंत्र समोर काय आहे ते बघत नाही. आमच्या एडिटरमध्ये कापणारी ओळ हिरवी दिसायची आणि रॅपिडची ओळ लाल.

आता टूल कधीतरी मध्येच झिजतं, तुटतं. नवीन लावून काम अर्ध्यातून पुढे न्यावं लागतं. कुठून सुरू करायचं? जिथे टूल हवेत आहे तिथूनच. म्हणजे लाल ओळ शोधायची. हिरव्या ओळीवरून सुरू केलं तर नवं कोरं टूल थेट पोलादात घुसतं, आणि तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. मग ओळ वाचूनच का ओळखत नाहीत? कारण ‘आता रॅपिड’ ही आज्ञा एकदाच लिहिलेली असते. पुढच्या ओळींत नुसते आकडे, आणि दुसरी आज्ञा येईपर्यंत पहिलीच लागू. नुसत्या आकड्यांकडे बघून ती ओळ पळती की कापती हे सांगता येत नाही. रंग ते सांगतो.

पैंजणाची फाइल विलासराव पाटलांची. कसबा बावड्याच्या कडेला, उसाच्या रानाला लागून त्यांची शेड आहे. वडील ऊस लावतात, मुलगा पोलाद कापतो. चांदीच्या पैंजणावर जो मोर, जी वेल असते, तिचा पोलादी ठसा, म्हणजे डाय, ते तयार करून देतात. बोटाच्या पेराएवढा मोर, पण त्याच्या पिसाऱ्याची वळणं इतकी बारीक की फाइल लाखो ओळींची होते. आमचा एडिटर बनवताना मी एवढ्या मोठ्या फाइलीचा विचार केलेला नव्हता.

विलासरावांचा फोन मकरंदने स्पीकरवर टाकला.

“मॅडम, तुमचा एडिटर हाय का म्हस? एक आकडा दाबला की रवंथ करत बसती.”

मागून दुसरा आवाज आला, “असू दे की वं विलासराव. बरं चाललंय. कशाला उगं हात लावायला सांगताय?”

“चाचा, तुमी गप बसा. तुमाला काय, तवर चहा पिऊन येताय.”

“मग चहा काय वाईट हाय व्हय?”

चाचा म्हणजे रशीदभाई. त्या शेडमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. विलासराव आयटीआय करून पहिल्यांदा यंत्रासमोर उभे राहिले ते रशीदभाईंच्या हाताखाली. पुढे विलासरावांनी स्वतःची शेड टाकली तेव्हा पहिला माणूस आणला तो हाच. मालक कोण आणि गुरू कोण हे दोघांना ठाऊक असल्यामुळे ते दिवसभर एकमेकांवर ओरडू शकत होते.

सगळ्या गिऱ्हाइकांत एडिटर हळू चालतो म्हणून खूश असलेला हा एकच माणूस. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. नवीन काही नको म्हणणारे लोक प्रत्येक शेडमध्ये असतात.

दोष सापडायला वेळ लागला नाही. तुम्ही एक अक्षर बदललं की एडिटर पहिल्या ओळीपासून फाइल वाचत यायचा, कारण कुठली आज्ञा चालू आहे हे वरूनच कळतं. या पहिल्या फेरीत सगळ्या ओळी हिरव्या करायचा. मग पुन्हा पहिल्यापासून दुसरी फेरी : रॅपिडच्या ओळी शोधायच्या, पुसायच्या आणि लाल लिहायच्या. लहान फाइलीत हे डोळ्यांना कळतही नाही. लाखो ओळींत हे म्हणजे पंगतीत एका पानावर जिलेबी कमी पडली म्हणून वाढप्याने पहिल्या पानापासून पुन्हा मीठ वाढत येण्यासारखं.

उपाय पंगतीचाच : जिथे कमी पडलं तिथूनच वाढायला लागायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कुठली आज्ञा चालू आहे ते त्या ओळीपाशीच टिपून ठेवायचं. एक ओळ बदलली की तिथून खाली चालू लागायचं. टिपलेलं आणि नव्याने काढलेलं जिथे जुळेल तिथे थांबायचं, कारण त्याच्या खाली काही बदललेलंच नसतं. बहुतेक वेळा पुढच्याच ओळीला थांबता येतं. शिवाय पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच रंगवायच्या, आणि एकदाच, शेवटच्या रंगात.

लिहायला हे सोपं आहे. बरोबर चालवायला नाही. कोणी मधल्या ओळी एकदम उडवतो, कोणी दुसऱ्या फाइलीतून तुकडा आणून चिकटवतो, कोणी केलेलं सगळं मागे घेतो. अशा वेळी टिपलेलं एक आणि खरं दुसरंच, असं होऊ शकतं. एकदा तर मधला तुकडा उडवल्यावर खालच्या सगळ्या ओळी लाल झाल्या आणि तशाच राहिल्या. म्हणजे यंत्र पोलादात असताना आमचा एडिटर सांगत होता, हवेत आहे, बिनधास्त चालव. चुकीचा रंग हा रंग नसण्यापेक्षा वाईट. म्हणून मी एडिटरचा रंगवणारा जुना भाग, म्हणजे जुनं इंजिन, मोडीत काढलं नाही. जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवून, गिऱ्हाइकांनी दिलेल्या सगळ्या फाइलींवर ओळ न् ओळ ताडून पाहिली. जिथे रंग वेगळा, तिथे थांबायचं आणि का ते शोधायचं. हे काम रटाळ असतं आणि मला मनापासून आवडतं. निवडलेल्या तांदळासारखं, शेवटी खडा लागत नाही तेव्हा बरं वाटतं.

मग एका दुपारी तीच पैंजणाची फाइल उघडली, मधोमध गेले आणि आकडा दाबला. बोट खाली, आकडा वर. मी आणखी दाबला. मग उगाचच पानभर आकडे ठोकत सुटले.

मकरंदने मान वर केली. “काय लिहितेस एवढं?”

“काही नाही. मजा करतेय.”

तो उठून आला, त्यानेही दाबून पाहिलं, आणि खाली जाऊन भेळ घेऊन आला. आमच्याकडे समारंभ असाच असतो.

नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली. कौतुकाचे फोन येतील अशी अपेक्षा या धंद्यात ठेवू नये. संथ चालणारी वस्तू लोकांना दिसते, झपाट्याने चालणारी दिसत नाही. एका गृहस्थांचा मात्र फोन आला, तो तक्रारीचा. “मॅडम, येवढी मोठी फाइल पटकन उघडली. म्हंजे अर्धीच उघडली असणार. उरलेली कुठं हाय?” पूर्ण उघडली आहे म्हणून सांगितलं, पटेना. शेवटच्या ओळीवर जाऊन बघा म्हटलं, तर म्हणाले, “शेवट हाय वं, पर मधलं?” अखेर पडद्याच्या तळाला एकूण ओळींची संख्या दाखवायची सोय करून दिली, तेव्हा गृहस्थ शांत झाले.

दुसऱ्या एकाला पहिल्या ओळीत कंसात लिहिलेलं कुलदैवताचं नाव सोनेरी हवं होतं. कंसातला मजकूर यंत्र वाचत नाही, तो माणसांसाठी असतो, म्हणून आम्ही तो राखाडी दाखवतो. ते म्हणाले, “मॅडम, देव राखाडी बरा दिसत न्हाय.” हे पटण्यासारखं होतं. करून दिलं सोनेरी.

आणि मग विलासरावांचा फोन आला. एडिटरबद्दल तक्रार नव्हती. “एडिटर झकास झालाय. म्हस न्हाय, घोडा. पर मॅडम, एक काम हाय. त्या फाइलीला कुलूप घालता येईल का? म्हंजे कुठनं सुरू करायचं ती ओळ मी सोडून कुणाला निवडता येऊ नये.”

“कुणाला म्हणजे?”

विलासरावांचा आवाज खाली आला. “चाचांना.”

झालं होतं असं. मोराच्या डायचं काम निम्म्यावर आलं असताना टूल झिजलं. रशीदभाईंनी नवीन लावलं, फाइलीत ओळ निवडली, यंत्र सुरू केलं. टूल सरळ पिसाऱ्यात घुसलं आणि मोडलं. डाय थोडक्यात वाचली. ओरखडा पडला तो पुढच्या फेरीत कापून निघण्यासारखा होता. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी विलासराव शेजारी होते, त्यांनी लाल बटण दाबून यंत्र थांबवलं.

“आयुष्यात माणसाचा हात कवा चुकला न्हाय, मॅडम. आता वय झालं. डोळं गेलं म्हणावं तर पेपर बिगरचष्म्याचा वाचत्यात. मी त्यास्नी मशिनीवरनं काढून कानसकामाला बशिवलंय. तोंडानं सांगवत न्हाय मला, कायमचं म्हणून. कुलूप असलं म्हंजे आपोआप हुईल.”

माझी एक सवय आहे. नवी आवृत्ती दिल्यावर लगेच कुठे काही बिघडलं, तर आधी आपल्या अंगणात बघायचं. रशीदभाईंचं वय त्या आठवड्यातच झालं होतं असं थोडंच. मी म्हटलं, “कुलूप नंतर. आधी मी येऊन बघते.”

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन बावड्याला गेले. रशीदभाई दारालगतच्या बाकावर बसून एका तुकड्याच्या कडा कानशीने घासत होते. अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. मशीन चालवणाऱ्या माणसाचा शर्ट तेलाने डागाळलेला असतो. त्यांचा शर्ट पाहून त्यांना मशिनीवरून काढल्याचं मला जास्त लागलं.

“या मॅडम,” ते म्हणाले. “कुलूप आणलं का?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. शेडमध्ये काही लपत नाही. विलासराव मागे यंत्राशी काहीतरी करत असल्याचं दाखवत होते.

“कुलूप नाही आणलं. तुम्ही काम कसं करता ते बघायला आले.”

“बगायला? मी काय पन्हाळ्याची तटबंदी हाय व्हय, बगायला यायला?”

“चला हो, उठा.”

उठले. हात पुसून संगणकासमोर बसले, फाइल उघडली आणि सफाईने बरोबर त्या भागात गेले जिथे टूल मोडलं होतं. हात अजिबात चाचपडत नव्हता. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. एक फालतू आकडा दाबायचा, खोडायचा. दाबायचा, खोडायचा. आणि मान थोडी मागे घेऊन पडद्याकडे एकटक बघायचं.

“बगा,” ते म्हणाले. “काय सुदीक उठंना.”

“काय उठायला पाहिजे?”

“ओळ की! पळती ओळ मागनं उठती न्हवं? तुमीच केलंतं तसं. लई झ्याक केलंतं. समद्या ओळी गप पडून ऱ्हायच्या, आन् पळती तेवढी मागनं टुणकन उठायची. पाण्यात काठी हलीवली की मासा कसा दिसतोय, तसं. आता हलीव हलीव हलीवतोय, मासाच न्हाय. मग आपलं अंदाजानं धरली एक.”

मी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर लाल आणि हिरव्या ओळी ठसठशीत दिसत होत्या.

“रशीदभाई, ही ओळ कोणत्या रंगाची आहे?”

“ही? तुमी दिलेल्या रंगाची.”

“आणि ही?”

“ही बी.”

आता विलासराव काम सोडून आले. “चाचा, ही तांबडी हाय. ही हिरवी. दिसत न्हाय?”

“दिसतंय की! मला काय आंधळा समजतोस? तांबडी म्हंजे... उठल्यावर कळती.”

यंत्राच्या डोक्यावर तीन दिव्यांचा खांब असतो. मी तिकडे बोट दाखवलं. “आता कुठला दिवा लागलाय?”

“खालचा.”

“रंग?”

“खालचा म्हंजे हिरवाच की. मधला पिवळा, वरचा तांबडा. समद्या दुनियेत तसंच हाय.”

“आणि मी तो खांब उलटा बसवला तर?”

रशीदभाई त्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले. डोळे बारीक केले, मग मोठे केले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, मग लई अवघड हाय.”

आणि एकदम हसत सुटले. “घरात बायको म्हणती, तुमास्नी रंगातलं काय कळत न्हाय. मी म्हणायचो, कळतंय, पर मला आवड न्हाय.”

विलासरावांनी कपाळावर हात मारला. “चाचा! माझ्या लग्नात फेटं आणायला तुमास्नी धाडलं, तर निम्मे भगवे आन् निम्मे पोपटी घिऊन आलता!”

“दुकानदारानं फसिवलं म्हणालतो न्हवं का मी?”

“मी जाऊन भांडून आलतो त्याच्यासंगं!”

“मग जाऊन माफी माग आता. दुकान हाय अजून.”

हसणं थांबल्यावर मी त्यांना सांगितलं ते असं : लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे पुष्कळ पुरुष असतात. नजर उत्तम असते, फक्त हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. जुन्या एडिटरमध्ये रॅपिडची ओळ आधी हिरवी लिहिली जायची, मग पुसून लाल. लहान फाइलीत हे क्षणात व्हायचं, पण यांच्या अवाढव्य फाइलीत दोन फेऱ्यांमध्ये इतका वेळ जायचा की ओळ लुकलुकलेली दिसायची. रशीदभाई रंग बघतच नव्हते, लुकलुक बघत होते. आकडा दाबून खोडणं म्हणजे पाण्यात काठी हलवणं. मी एडिटर वेगवान केला आणि लुकलुक संपली.

“म्हणजे तुमचा हात चुकलेला नाही,” मी म्हटलं. “मी तुमचा मासा काढून घेतला.”

विलासरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. “मग परत हळू करा.”

“व्हय,” रशीदभाई म्हणाले. “करा परत. मी चहा पितो तवर.”

धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर, वेग वाढवून दिला म्हणून ‘परत हळू करा’ हे ऐकायला मिळावं! मला रागही आला आणि हसूही. लुकलुक हा अपघात होता. माणसाची भाकरी अपघातावर ठेवायची नाही. ओळ उठवायची असेल तर ती नीट उठवू, म्हटलं, आणि कानसकामाच्या बाकावर जागा करून लॅपटॉप उघडला.

आधी लाल काढून निळा घातला. रशीदभाई म्हणाले, “हां, ह्ये कळतंय. ह्ये येगळं हाय. पर झोपलेलंच हाय.”

अक्षरं जाड केली. “कूस बदलली.”

मग रॅपिडच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला एक जाड उभी पट्टी टाकली, रूळ आखल्यासारखी, आणि ओळीच्या मागे फिकट पिवळा रंग दिला. फाइल पुन्हा उघडली. रशीदभाईंनी सवयीने आकडा दाबला, खोडला. मग हात कीबोर्डवरून उचलला आणि तसाच हवेत ठेवला.

“आता उठली,” ते म्हणाले. “आन् परत झोपत बी न्हाय!”

ते पडदा वर खाली सरकवत राहिले. पट्ट्या येत होत्या, जात होत्या. “ही एक. ही एक. आयला, हितं पण एक हाय! ही मला कवाच दिसली न्हवती.” आठवडाभर कानस घासलेला तो माणूस जत्रेत आल्यासारखा दिसत होता.

पण पडद्यावर बरोबर दिसणं वेगळं आणि पोलादावर बरोबर उतरणं वेगळं. हे विलासरावांना सांगायची गरज नव्हती. ते यंत्रापाशी उभे होते. मोराची डाय अजून त्यात बांधलेली होती, निम्मा पिसारा कापलेला, निम्मा कोरा. आता पुन्हा टूल मोडलं तर ती भंगारात जाणार होती, आणि तिच्याबरोबर चाचांचं मशिनीवर उभं राहणंही. विलासरावांनी एकदा डायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“चाचा,” ते म्हणाले, “घ्या.”

रशीदभाईंनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ओळ निवडली. मला विचारलं नाही, आणि मीही बरोबर आहे का ते सांगितलं नाही. विलासरावांचा तळवा लाल बटणावर. बटण गोल, मोठं आणि समोरच होतं, त्याचा रंग कुणाला दिसो न दिसो.

यंत्र सुरू झालं. टूल वर गेलं, हवेतून पळालं, पिसाऱ्याच्या कडेवर येऊन थांबलं आणि सावकाश खाली उतरलं. थेट तिथे, जिथे जुनी रेघ संपली होती. टूल गार ठेवणाऱ्या शीतकाची पांढरी धार सुटली आणि पोलादाचा बारीक चुरा उडायला लागला. तो आवाज एकसारखा, तृप्त असतो. पोळी तव्यावर फुगताना बघावी तसे आम्ही तिघं काचेतून आत बघत राहिलो.

विलासरावांनी बटणावरचा तळवा काढला आणि पँटला पुसला.

“मॅडम, कुलपाचं ऱ्हाऊ द्या.”

“न्हाय न्हाय,” रशीदभाई म्हणाले, “घाला कुलूप. किल्ली माझ्याकडं द्या.”

परत येताना साखर कारखान्याच्या रस्त्याला लागले आणि मग विचार करायला सवड मिळाली. मी इतके दिवस जुनं आणि नवं इंजिन ओळ न् ओळ ताडून पाहिलं होतं. रंग तेच, जागा त्याच, एक फरक नाही. ते खरंही होतं. फक्त त्या ओळी कोण बघतंय, तिथे मी कधी खुर्ची टाकून बसले नव्हते. फोनवर ‘असू दे की, बरं चाललंय’ म्हणणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारायला हवा होता : का बरं? तेवढा विचारला असता तर ते कानसकामाला बसले नसते. याची हळहळ आहे. पण हळहळीचा उपयोग पुढच्या कामाला झाला तरच.

ऑफिसात आल्यावर मकरंदला सांगितलं की नवे रंग आणि पट्टी फक्त विलासरावांना द्यायची नाही. सगळ्यांना द्यायची.

“वेडी आहेस का? गिऱ्हाइकांना लाल-हिरव्याची सवय आहे. बोंबलतील.”

“बोंबलू देत. ज्याला जुने रंग हवेत त्याला बदलायची सोय ठेवलीय.”

“मग उलटं कर. ज्याला नवे हवेत तो बदलेल.”

“रशीदभाईंनी मागितले असते का? त्यांना माहीतच नव्हतं की काही मागायचं असतं.”

मकरंदने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाला, “फोन तू घ्यायचेस.”

“फोन तुझे. तसं ठरलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं, खिडक्या उघडल्या, सगळं एकदा तपासून नवी आवृत्ती पाठवून दिली आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत फोन सुरू झाले. लाल कुठं गेला? ह्यो निळा कुणी घातला? पट्ट्या कसल्या मारल्यात, पायजमा हाय का फाइल? मकरंद प्रत्येकाला जुने रंग परत कसे आणायचे ते समजावत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते.

मग एका फोनवर तो बोलायचा थांबला. ऐकत राहिला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “हा तुझा.”

गडहिंग्लजकडची एक शेड होती. सुपरवायझर बाई बोलत होत्या. “मॅडम, तुमी काय केलंय काय की. आमचा एक ऑपरेटर सकाळपास्नं त्या कॉम्प्युटरफुडनं उठंनाच झालाय. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणतोय, आयला, ह्यात दोन जातीच्या ओळी हायत व्हय!”

मी पेन खाली ठेवलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हटलं, “त्यांना फोन द्या.”